दिगूकाका आणि उघड्या टपाची मोटार

दिगूकाकांबद्दल काहीतरी चांगलं सांगावं, असं मला मनापासून वाटतं. लग्नकार्यात जेवणं उरकतात, माणसं सतरंजीवर लवंडतात आणि कुणीतरी म्हणतं, "भाऊ, दिगूकाकांचं होऊन जाऊ द्या." मी तंबाखू मळायला घेतो आणि या वेळी चांगल्यापासून सुरुवात करायची असं ठरवतो. आठवत बसतो. तंबाखू मळून होते, लोक ताटकळतात, आणि मी दरवेळेसारखा मोटारीपासून सुरू करतो.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, माणूस देखणा होता. उंच, गोरा, सरळ नाकाचा. या देखणेपणात त्यांचा स्वतःचा हात काडीचा नव्हता, पण जन्मभर त्यांनी श्रेय घेतलं ते त्याचंच. दुसरं काही श्रेय घेण्याजोगं नव्हतं हेही खरं.

ते माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. सेलूला मोठं घर, आसपास जमीन, नावापुढं देशमुखी. काम म्हणून ज्याला म्हणतात ते त्यांनी केल्याचं कुणाला आठवत नाही. मी त्या काळात त्यांच्याच घरी राहत होतो. उर्दूतून मॅट्रिक झालो होतो, कचेरीत चिकटायच्या बेतात होतो, तेवढ्यात पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं आणि मागोमाग कचेरीतली उर्दूही गेली. सगळा मुलूख मोकळा झाला आणि मी अडाणी झालो. शिकलेला, बेकार आणि दोन वेळच्या जेवणावर खूश असा पुतण्या काकांना हवाच होता. त्यांच्या कुत्र्याची साखळी धरायला कुणीतरी लागायचं.

राज्य बदललेलं काकांना मात्र लगेच पचलं. काल शेरवानी घालून तहसीलदारापुढं कमरेत वाकणारा माणूस आज खादी घालून नव्या तहसीलदारापुढं तितकाच वाकला. कमरेला सवय होती. अडचण झाली ती बोलण्याची. उर्दू कमी करायची एवढं त्यांना कळलं होतं, पण त्या जागी काय घालायचं हे कळेना. एका सभेत पुण्याकडच्या कुणा वक्त्याच्या तोंडून 'वस्तुतः' हा शब्द त्यांनी ऐकला आणि उचलला. मग 'वस्तुतः चहा गार आहे' आणि 'वस्तुतः बैल लंगडतोय' असं सुरू झालं. गडीमाणसांना वाटायचं, मालक बैलाचं नाव घेतायत.

कुत्रं कारवानी जातीचं होतं. पेडगावच्या एका धनगराकडून पिल्लू असताना आणलेलं. लांब पाय, पाठीला टेकलेलं पोट, निमुळतं तोंड आणि डोळ्यांत कायम घरात कुणी गेल्यासारखा भाव. मेंढरं राखायला आणि सशामागं सुटायला जन्मलेलं ते जनावर. त्याला काकांनी गादीवर झोपायला आणि बशीतून दूध प्यायला शिकवलं. नाव ठेवलं नवाब. राज्य बदलल्यावर हे नाव आपल्याला भोवेल असं त्यांच्या मनानं घेतलं आणि कुत्र्याचं पुन्हा बारसं झालं. नवं नाव राजा. काका "राजा, राजा" करत आणि कुत्रं मागं वळून कुणाला बोलावतायत ते बघत राही. शेवटी घरात नवाब आणि रस्त्यावर राजा अशी तडजोड झाली, आणि तेव्हापासून कुत्र्यानं रस्त्यावर कुणाचंही ऐकणं सोडून दिलं.

त्या सुमारास हैद्राबादेत जागीरदारांच्या मोटारी विकायला निघाल्या होत्या. काकांनी ठरवलं, आपणही मोटार घ्यायची. पण साधी नको. वरचं छत मागं पाडता येईल अशी, टपाची. टांग्याला जसा कापडी टप असतो तसा. वाटलं तर चढवला, वाटलं तर पाडला. बसलेला माणूस दिसला पाहिजे, हा मुख्य मुद्दा. आणि तीत नवाबला ऐसपैस जागा पाहिजे. म्हणून आम्ही तिघं आगगाडीनं हैद्राबादला गेलो. तिसरा नवाब. त्याचं तिकीट काढलं होतं आणि माझ्या तिकिटाबद्दल वाटेत दोनदा कुरकूर झाली होती.

दलाल होता हुसेनमियाँ. मोठा अदबशीर माणूस. काकांनी आल्या आल्या कुत्रं पुढं केलं आणि हा बसेल अशी गाडी दाखवा म्हणाले. हुसेनमियाँनी कुत्र्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "देशमुखसाब, गाडी आपके वास्ते देखना, या इनके वास्ते?"

"वस्तुतः दोघांसाठी," काका म्हणाले.

पहिली मोटार बंद छताची दाखवली. काकांनी नाक मुरडलं, पण चक्कर मारून बघायला काय जातंय म्हणून आम्ही बसलो. काचा वर होत्या, पेट्रोलचा वास कोंडला होता. पहिल्याच वळणावर नवाबनं कसलीही घाई न करता, सावकाश ओकारी काढली. माझ्या मांडीवर. काका म्हणाले, बघा, जनावराला सुद्धा कळतं, बंद गाडी म्हणजे तुरुंग. माझ्या धोतराबद्दल ते काही बोलले नाहीत.

दुसरी उघडी होती, चांगली लांबलचक. मागची बैठक दिवाणखान्यातल्या कोचासारखी. नवाब तिथं चढून ताठ बसला आणि त्याला अजिबात मळमळलं नाही. मी म्हटलं, मिळाली गाडी. काका पुढं चाक धरून बसले, आम्ही बाजारातून निघालो. चौकात एका टांगेवाल्यानं मागं बसलेल्या कुत्र्याकडं बघितलं, पुढं बसलेल्या काकांकडं बघितलं आणि आपल्या सवारीला म्हणाला, "नवाबसाब ने ड्रायव्हर अच्छा रखा है."

त्याला बिचाऱ्याला कुत्र्याचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. पण काकांचा चेहरा जो उतरला तो दुकानात परत येईपर्यंत वर आला नाही. मोटार बाद झाली. कारण सांगितलं, इंजिनाचा आवाज खानदानी नाही.

मग तिसरी निघाली. गर्द हिरवी, ठेंगणी, पुढं दोनच माणसांची बैठक. मागं एक झाकण, ते उचललं की आत बोचकं ठेवावं तेवढी डिकीची जागा, तीत मला बसवलं. काका चाकाशी बसले, नवाबला शेजारी बसवलं, टप मागं पाडला आणि समोरच्या दुकानाच्या काचेत बघितलं. काचेत दोघं दिसले. दोघांची नाकं सरळ. काका इतका वेळ बघत राहिले की दुकानातला माणूस काही हवंय का विचारायला बाहेर आला.

मी डिकीतून विचारलं, "काका, काकू कुठं बसतील?"

"टप चढवला की बसेल की," ते काचेतून नजर न काढता म्हणाले.

त्या क्षणी ते मला ठीक वाटलं. मोटारीत माणसाला सगळंच ठीक वाटतं.

गोदाकाकू वालूरच्या. वडील आप्पा शेती करायचे आणि सरकीचा व्यापार. ते देशमुख वगैरे कुणी नव्हते. एवढ्या मोठ्या घरातून मागणी आली म्हणून त्यांनी मुलगी दिली. पण बघायला आलेल्या नवऱ्यामुलाला बघून त्यांनी बायकोजवळ म्हटलं होतं, पोरगं देखणं हाय, पर त्याची नजर आरशाकडं हाय. ही गोष्ट काकूंना आईकडून कळलेली. पोरीला आपण मोठ्या घरात दिलं की मोठ्या घरात टाकलं, हा घोर आप्पांना लागला तो सुटला नाही. काकू माहेरी गेल्या की ते सुखाची आहेस का असं विचारायचे नाहीत, तिच्या तोंडाकडं नुसते बघत बसायचे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं दाखवायला काकूंकडं तसं काहीच नव्हतं. मोटार आली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊ, एकदा आप्पाच्या दारात ह्या मोटारीतून उतरायचं हाय. मालकाच्या शेजारी बसून. मग मोडली तरी चालंल."

एवढीच इच्छा. वालूर काही काशी-रामेश्वर नाही. पण आमच्या घराण्यात बायका जायच्या त्या बैलांच्या धमणीतून, म्हणजे हलक्या छकड्यातून, चारी बाजूंनी पडदा बांधून. टप पाडलेल्या मोटारीत बसणं म्हणजे तालुक्याला तोंड दाखवणं, तेव्हा ते बाद. आणि टप चढवला की नवाबला मळमळायचं. काकांनी हे सगळं एकदा ओसरीवर बसून नीट समजावून सांगितलं. काकूंनी भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून ऐकून घेतलं.

"म्हंजी टप उघडा तर मी न्हाई, अन् टप लावला तर कुत्रं न्हाई."

"वस्तुतः तसंच."

"मग एक दिस टप लावा, अन् कुत्रं ठिवा घरी."

"तो एकटा राहत नाही. रडतो."

"मी रडत न्हाई म्हनून का?" काकूंनी विचारलं. पण तोवर काका मोटारीचे दिवे पुसायला उठून गेले होते. दिवे पुसायचं काम ते स्वतः करायचे. आयुष्यात त्यांनी स्वतः केलेलं मला आठवतं ते काम हेच.

रोज उन्हं कलली की आमची फेरी निघायची, देवगाव फाट्यापर्यंत. पुढं काका आणि नवाब, मागं डिकीत मी, पेट्रोलचा डबा मांडीत घेऊन. फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं. मोटार थांबली की बाजारकरी भोवती जमायचे. काका खाली उतरत नसत, चहा गाडीतच मागवत. कुणी म्हातारा विचारायचा, मालक, वरून उघडी कशापायी? काका म्हणायचे, "वस्तुतः ही लोकशाही आहे. टप उघडा असला की कुणालाही बघता येतं." लोक माना हलवायचे. हॉटेलवाला नवाबला बशीत दूध द्यायचा. मला चहा मिळायचा तो काकांनी अर्धा सोडला तर. तरीही मी रोज जायचो. मोटारीत बसलेला दिसतो म्हणून माझ्या लग्नाची बोलणी दोन ठिकाणांहून आली होती. डिकी हा प्रकार त्यांना माहीत नसावा.

अशी दोन-तीन वर्षं गेली. काकू माहेरी जाऊन आल्या त्या धमणीतून. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळे. तरी ते विचारायचे, कशात आलीस? काकू सांगायच्या, मोटार दुरुस्तीला हाय. दरवेळी दुरुस्तीलाच.

एका पौषात वालूरहून गडी आला. आप्पांनी अंथरूण धरलंय, गोदाला बघायचंय म्हणतात, मोटारीतून या म्हणालेत. काकूंनी पिशवी भरली, नवं लुगडं नेसल्या आणि मोटारीपाशी येऊन उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "आज न्या मला."

काकांनी मोटारीला एक फेरी मारली. टपाचं कापड चाचपलं. नवाब केव्हाच आपल्या जागेवर चढून बसला होता. त्याच्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं. मला वाटलं, आज हा माणूस कुत्र्याला खाली उतरवणार. शेवटी ते म्हणाले की असल्या प्रसंगी जावयानं पुढं झालं पाहिजे. आपण मोटारीनं पुढं होतो. तू धमणीनं ये, संध्याकाळपर्यंत पोचशील. वालूरच्या लोकांनी अजून मोटार बघितली नव्हती, हे ते बोलले नाहीत.

काकू हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "बरं हाय की. माझ्या जागंवर त्यालाच न्या. अन् आप्पाला म्हना, तुमची गोदा आली."

दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. काकांनी क्षणभर विचार केला, मान हलवली आणि मला म्हणाले, "बघ, हिला सुद्धा पटलं."

थंडी मी म्हणत होती. टप उघडा आणि नवाबच्या अंगावर केस बोटांच्या चिमटीतही येणार नाहीत एवढे आखूड. काका घरात गेले आणि खुंटीवरची काकूंची लोकरीची शाल घेऊन आले. ती आप्पांनी पहिल्या दिवाळसणाला दिलेली, जाड वेलबुट्टीच्या काठाची. काकांनी ती नवाबच्या डोक्यावरून घेऊन गळ्याशी गाठ मारली. काकू बघत होत्या. गाठ मारून होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, मग धमणी जुंपायला सांगायला आत गेल्या.

वालूरला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. आप्पांची बाज अंगणात उन्हाला टाकलेली. गल्लीतल्या लोकांना दिसावी म्हणून काकांनी भोंगा वाजवत मोटार थेट अंगणात, बाजेला चिकटून नेली. भोंगा ऐकून आप्पा कोपरावर उठले.

"मोटार का?" त्यांनी विचारलं. आणि मग, "आली का गं?"

त्यांनी हात पुढं केला. मोटार ठेंगणी, बाज उंच, दार उघडायचीसुद्धा गरज पडली नाही. हात शालीवर पडला. काठावरची वेलबुट्टी त्यांनी बोटांनी ओळखली, काठ धरून वर गेले, डोक्यापर्यंत. नवाब शिकवल्यासारखा ताठ बसून होता. शालीखालचं ते निमुळतं तोंड आप्पांनी तळहातात घेतलं.

"लय वाळलीस गं गोदे," ते म्हणाले.

कुत्र्यानं नाक त्यांच्या तळहातात खुपसलं. ओलं लागलं तसे आप्पा म्हणाले, "रडू नगं. रडायचं काय त्यात. मोटारीत शेजारी बसवून आनलं की तुला. माझ्या मनात लय दिस एक होतं. आता न्हाई."

मी डिकीत होतो. घरातून काकूंची भावजय बाहेर आली होती, ती पदराचा बोळा तोंडात धरून उंबऱ्यातच थिजली. आता बोलायचं ते काकांनी. आप्पांनी अदमासानं काकांच्या बाजूला तोंड वळवलं आणि हात जोडले. "जावई, माझं चुकलं. मी तुमाला वंगाळ समजत होतो."

काकांनी शालीतल्या कुत्र्याकडं पाहिलं, मग जोडलेल्या हातांकडं. "असू द्या, आप्पा," ते म्हणाले. माफ केलं त्यांनी. एका आंधळ्या, मरायला टेकलेल्या माणसाला त्यांनी उदार मनानं माफ केलं आणि गल्लीतल्या लोकांना मोटार दाखवायला निघून गेले. 'वस्तुतः' मात्र त्या वाक्यात नव्हतं. तेवढं त्यांच्याही लक्षात आलं असावं.

उन्हं कलताना धमणी आली. काकू पडदा सारून उतरल्या. थंडीनं ओठ काळेनिळे झाले होते. झालं ते मी वेशीजवळच त्यांना सांगितलं. त्या धमणीचं चाक धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी लुगडं झटकलं, पदर सारखा केला आणि आत गेल्या. आप्पांना एव्हाना माजघरात आणून निजवलं होतं.

"गोदे, सकाळधरनं कुठं होतीस?"

"सैपाकघरात होते, आप्पा."

"मोटार बरी हाय का?"

"लय बरी. वारं लागतं तोंडाला."

"त्यानं सावकाश चालवली न्हवं?"

"सावकाश चालवली."

आप्पांनी त्यांचा हात धरला आणि डोळे मिटले. हात लहानपणापासून ओळखीचा, त्यामुळं शंका यायचं काही कारण नव्हतं. त्यांना झोप लागेस्तोवर काकू हलल्या नाहीत.

त्या बाहेर आल्या तेव्हा काका अंगणात मोटारीला टेकून उभे होते. निघायची घाई होती, एक दिवा लागत नव्हता. काकूंना बघून म्हणाले, "बघ, झालं ना तुझ्या मनासारखं? त्यांना वाटलं तू मोटारीतून आलीस. वस्तुतः तुला हेच पाहिजे होतं."

काकू मोटारीपाशी गेल्या, नवाबच्या गळ्याची गाठ सोडली, शाल काढून दोनदा झटकली आणि आपल्या अंगावर घेतली. कुत्र्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. त्याचा काही राग नव्हता. मग म्हणाल्या, "तुमी जावा. मी हितं ऱ्हाते. कवापस्तोर ते इचारू नका."

काकांना त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी मोटार चालू केली. मी डिकीत चढलो नाही, बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून मागं राहिलो. पुढं वालूरच्याच शाळेत मला चिकटवून घेतलं आणि सेलूच्या घरी मी राहायला गेलो नाही. काकूही गेल्या नाहीत. तेव्हा काका मला शेवटचे नीट दिसले ते त्या संध्याकाळीच.

मोटार वेशीबाहेर गेली आणि थांबली. वेशीजवळच्या हौदाशी मी हातातली बादली खाली ठेवली. मला वाटलं, माणूस आहे, परत फिरेल, तिला हाक मारील. काका खाली उतरले. त्यांनी अंगातला लोकरी कोट काढला, पलीकडच्या बाजूला गेले आणि तो थंडीनं कापणाऱ्या कुत्र्याच्या पाठीवर घातला. बाह्या गळ्याभोवती गुंडाळल्या. एक कान कॉलरखाली दुमडला होता, तो बोटांनी अलगद सोडवला. इतक्या हळुवारपणे, की मला तो माणूस ओळखू येईना. आमच्या घरात सगळे समजून होते की दिगूकाकांना मायाच नाही, जन्मतःच नाही, म्हणून त्यांना कुणी फार बोलायचं नाही. मग ते पातळ सदऱ्यावर चाकाशी बसले, टप उघडाच, आणि कुडकुडत सेलूच्या रस्त्याला लागले.